त्याच पानावर, त्याच कॉलमात

डिलाईल रोड
६ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला निघाली असशील तर थांब जरा. मी कुठे अडकलेलो नाही, कुणाशी मारामारी करून आलेलो नाही, आई बरी आहे, अप्पाही बरे आहेत. आता पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव.

फोनवर तू मला सहा वर्षं ब्लॉक करून ठेवलंयस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा उद्योग. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काय पाठवायचंय? डॉक्युमेंट?" म्हटलं, नाही हो, पत्र. भाऊ बहिणीला लिहितो ते. तर त्यांनी शेजारच्या बाईंना हाक मारून मला दाखवलं. भुसावळचा पत्ता आईच्या डायरीतून चोरला. आईलाच सांग म्हटलं होतं, तर म्हणाली, "माका मधी घालू नको. तुमचा तुमी काय ता बघा."

आई दर रविवारी अप्पा खाली गेले की तुला फोन करते. आणि तिला फोन करता यावा म्हणूनच अप्पा दर रविवारी खाली जातात. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. हे असलं घर.

मुद्द्यावर येतो. मी मुद्द्यावर येतो म्हटलं की येत नाही असं तू म्हणायचीस, पण आज येतोय. गेल्या रविवारी अप्पा लवकर वर आले. आई मोरीत होती आणि तिचा मोबाईल पाटावर उघडा. त्यावर तुझ्या लेकीचा फोटो, शाळेतला, डोक्यावर पेपरची टोपी. अप्पांनी तो मोबाईल हातात घेतला. मी म्हटलं झालं, आता फेकतात. तर मला म्हणाले, "हे मोठं कसं करतात रे?" मी दोन बोटांनी करून दाखवलं. हा माणूस नातीचा चेहरा बाजूला सारून टोपीवर गेला. "कुठला पेपर आहे बघ. मथळा वाचता येतो का?" मी कपाळावर हात मारला. आयुष्यात पहिल्यांदा नात बघतायत आणि पेपर कुठला ते विचारतायत! मग बऱ्याच वेळाने चेहऱ्यावर आले. "डोळे आकांक्षाचे आहेत," म्हणाले, आणि मोबाईल पाटावर होता तसाच ठेवला.

संध्याकाळी मला गॅलरीत बोलावलं. म्हणाले, "ते मागे घ्यायचंय."

ते म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको. 'जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की, माझी मुलगी आकांक्षा हिने आमच्या इच्छेविरुद्ध विवाह केला असल्याने तिच्याशी व तिच्या पतीशी माझा व माझ्या कुटुंबाचा कोणताही संबंध राहिलेला नाही.' तुला पाठ असेल. मलाही पाठ आहे, कारण अप्पांनी तोंडाने सांगितलं आणि कागदावर मी लिहिलं. घरात माझं अक्षर बरं म्हणून.

मी म्हटलं, "मागे घ्या ना मग. हा घ्या मोबाईल, हा नंबर. दोन मिनिटं लागतील."

तर म्हणाले, "चूक ज्या पानावर छापली त्याच पानावर दुरुस्ती. त्याच कॉलमात, त्याच टायपात. आमच्याकडे तसंच असायचं. सांजहाकमध्ये दिली होती, सांजहाकमध्येच मागे घेणार."

आता काय बोलायचं यावर, सांग. एकतीस वर्षं हा माणूस सांजहाकच्या छापखान्यात, प्लेट खात्यात होता, नोटिशीच्या आधीच रिटायर झाला. रोज दुपारी दीड वाजता तो पेपर स्टेशनाबाहेर यायचा आणि ऑफिसं सुटेपर्यंत संपायचा, हे मान्य. पण तो जमाना गेला. आपल्या नाक्यावरच्या पेपरच्या स्टॉलवर आता मोबाईलची कव्हरं लटकतात, आणि पेपर त्याच्याखाली असतात, तेही स्टॉलवाल्याला बसायला. सांजहाक छापील स्वरूपात शेवटचा कधी बघितला ते मला आठवत नाही. लॉकडाऊनमध्ये बंद पडला, मग सुरू झाला, मग परत बंद पडला म्हणे. अप्पांना ते माहीत नाही असं नाही. पण म्हणतात, "पेपर असा मरत नाही. तू जाऊन बघ."

मी जाऊन बघ! घरात दुसरं कोण रिकामं आहे!

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल म्हणून सांगतो. नोटीस दिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी अप्पांनी मला चिठ्ठी देऊन गिरगावात छापखान्यात पाठवलं होतं. 'नोटीस छापू नये', खाली सही. म्हणजे त्यांचं मन बदललं होतं. पण उशीर झाला, मशीनवर प्लेट चढली होती. बाकी त्यांच्याबद्दल तुला काय वाटायचं ते वाटू दे, एवढं मात्र खरं आहे.

आणि त्या नोटिशीचा फोटो मी तुला पाठवला, तो फॅमिली ग्रुपवरही टाकला, त्याबद्दल तू मला ब्लॉक केलंस ते बरोबरच. सांजहाकचा तो कोपरा कुणी वाचला नसता. गावापर्यंत पोचवला तो मी. डोकं फिरलं होतं, अप्पांवर राग होता. असो.

उद्या गिरगावात जातो.

रघु


डिलाईल रोड
१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

'उद्या' म्हणालो होतो, त्याला आठ दिवस झाले. हसू नकोस. आधी ऐक.

गिरगावात त्याच दिवशी गेलो. म्हणजे निघालो सकाळी आणि पोचलो चारला, कारण वाटेत लालबागला धनगर गल्लीतल्या ओळखीच्या पोरांचा सांगाडा वेल्डिंगला होता. एवढ्या लवकर गणपतीच्या मंडपाचं काम कसलं म्हणून विचारायला थांबलो, तर ते मंडपाचं नव्हतंच, पाण्याच्या टाकीचं होतं. मग टाकी धरून उभा राहिलो. ते सोड.

सांजहाकची इमारत आहे, पण तळमजल्यावर, जिथे मशीन होतं ना, अप्पा आपल्याला दसऱ्याच्या पूजेला न्यायचे, मशीनला झेंडूचा हार असायचा आणि सगळ्यांना पेढा, तिथे आता केस कापतात. एसी सलॉन. जिथे प्लेटा धुवायचे त्या हौदावर माणसांची डोकी धुतात. मी आत जाऊन उभा राहिलो तर पोरगी म्हणाली, "अपॉइंटमेंट?" म्हटलं, इथे पेपर होता. ती म्हणाली, "वाचायला? तिकडे मॅगझिन आहेत." वॉचमनला विचारलं तेव्हा कळलं की ऑफिस शीवला गेलं.

शीवला जायला मध्ये तीन दिवस गेले कारण एका मित्राचा टेम्पो मुरुडला चालला होता. मी नुसता सोबत बसलो. खरंच, नुसता.

तर शीव. एका क्लासच्या वर दोन खोल्या, तीन लॅपटॉप, आणि धनेश नावाचा माणूस. पूर्वी तो सांजहाकचा क्राइम रिपोर्टर होता, आता तोच संपादक, तोच सगळं. दारावर पाटी अजून 'दैनिक सांजहाक'. मी सगळं सांगितलं. नोटीस, सहा वर्षं, त्याच पानावर, त्याच कॉलमात. तो हसत सुटला.

"परबांचा मुलगा तू? अरे, तुझे वडील म्हणजे... एकदा मी हेडलाइनमध्ये तारीख चुकवली होती, त्यांनी प्लेट हातात धरून मला तिसऱ्या मजल्यापर्यंत शोधलं. बस. काय लावायचंय सांग. पाच मिनिटांत वेबसाईटवर लाईव्ह करतो."

खरंच पाच मिनिटांत केलं. अप्पांनी लिहून दिलेलं त्याने टाईप केलं. 'दिनांक अमुक रोजी प्रसिद्ध केलेली नोटीस मी मागे घेत आहे. माझी मुलगी व जावई यांच्याशी माझे नाते पूर्वीप्रमाणे आहे.' वर केस उगवायच्या तेलाची जाहिरात, खाली 'ही अभिनेत्री आता कशी दिसते'. मध्ये तू आणि राजरत्नदादा.

धावत घरी आलो. अप्पांना चष्मा दिला, मोबाईल दिला. त्यांनी वाचायला अंगठा लावला आणि पान सरकलं.

"हे हललं."

"हलणारच अप्पा. नवीन वर येतं, जुनं खाली जातं."

"म्हणजे संध्याकाळी हे कुठे असेल?"

"खाली."

"आणि उद्या?"

"आणखी खाली."

"मग हे छापलं कुठे? हे तर बुडालं." मोबाईल मला परत. मग म्हणाले, "हे पुसता येतं ना? कुणालाही, कधीही?"

म्हटलं, येतं, धनेशने मनात आणलं तर.

"मग मी मागे घेतलेलं उद्या पुन्हा मागे घेतलं तरी पुरावा नाही. आकांक्षा कशावर विश्वास ठेवेल?"

ताई, मला राग कशाचा येतो माहीत आहे? हा माणूस वेडगळ बोलतोय असं वाटतं आणि उत्तर सापडत नाही. मी ओरडलो. म्हटलं, "अप्पा, कोण वाचतंय तुमचा पेपर? कुठले लोक? तुम्ही ज्यांच्यासाठी छापणार ते सगळे मोबाईलमध्ये मान घालून बसलेत!" खालच्या मजल्यावरची सोनाराची म्हातारी बाहेर आली ऐकायला.

अप्पा म्हणाले, "चारचौघांत तोडली. चारचौघांतच जोडणार. फोनवर मुळुमुळु बोलून नाही."

आई आतून म्हणाली, "चारचौग खंय आसत ते तरी सांगा. अर्धे वर गेले, अर्धे विरारला."

आता बोलायलाच बसलोय तर हेही बोलतो. राजरत्नदादा समोरच्या चाळीतून अभ्यासिकेत यायचा, तेव्हा अप्पाच त्याला उरलेले अंक आणून द्यायचे. परीक्षेला उपयोगी म्हणून. "पोरगा पुढे जाईल," म्हणायचे. दहावीला माझं गणित त्यानेच काढलं वर. आणि तू त्याच्याशी लग्न करणार म्हटल्यावर याच माणसाला एका रात्रीत जात आठवली. समतेचे अग्रलेख एकतीस वर्षं स्वतःच्या हाताने प्लेटवर चढवलेले. मी हे त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही. तुझ्यापाशी बोलतोय. सोपं आहे ना, तू उलट बोलत नाहीस.

धनेशने निघताना एक गोष्ट सांगितली. पेपर कागदोपत्री जिवंत दाखवायला ते रोज पन्नासेक प्रती अजून छापतात. फाईल कॉपी म्हणतात. अँटॉप हिलला एका छापखान्यात. विकत नाहीत, कुठे जात नाहीत, गठ्ठा बांधून माळ्यावर. "पण कागदावर असतं हां," म्हणाला, "पान तीन, नोटिशींचा कॉलम. तुझ्या वडिलांना तेवढंच हवंय ना?"

अप्पांना सांगितलं. पन्नास प्रतींचं सांगितलं, माळ्याचंही सांगितलं. विचार करून म्हणाले, "पान तीन म्हणाला? मग ठीक आहे."

रघु


डिलाईल रोड
२२ फेब्रुवारी, शनिवार

ताई,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली, त्यातलं एक तर पाकिटात घालून. त्यामुळे यात इकडचं तिकडचं काही नाही. प्रयत्न करतो.

अँटॉप हिलला छापखाना म्हणजे पत्र्याची शेड. लग्नपत्रिका, कुत्रा हरवल्याची पोस्टरं, कुठल्या तरी नगरसेवकाच्या वाढदिवसाची हँडबिलं, आणि मध्येच सांजहाक. मशीनवर कोण, तर शरच्चंद्रकाका. आठवतात? अप्पांच्या खात्यातले फोरमन, दिवाळीला करंज्या न्यायला यायचे. केस सगळे गेले, आवाज तोच. मशीन चालू असताना बोलायची सवय, त्यामुळे मशीन बंद असलं तरी ओरडतात.

नोटीस वाचली. म्हणाले, "परबाला म्हणावं, मी स्वतः बसवतो. तुझं नाव काय रे? तू तोच ना, त्या दिवशी आलेला?"

म्हटलं, हो.

"अडीच वाजता आलास. मला आठवतंय, कारण शेवटचे गठ्ठे टेम्पोत चढत होते. चिठ्ठी वाचून मला घाम फुटला. साडेअकरापर्यंत आला असतास तर मी हाताने काढली असती. तुला विचारलं एवढा वेळ कुठे होतास, तर म्हणालास बस मिळाली नाही."

मी समोरच्या पत्रिका सरळ करू लागलो. ते म्हणाले, "चिठ्ठीवर वेळ होती साडेनऊची. डिलाईल रोडवरून गिरगावात यायला पाच तास लागतात होय रे?" ओरडूनच म्हणाले. पत्रिका मोजणाऱ्या दोघी बायकांनी मान वर करून बघितलं.

ताई, बस मिळाली होती. बसमध्ये चढलोसुद्धा होतो.

अप्पांनी साडेनऊला चिठ्ठी दिली. म्हणाले होते, "सरळ जा. कुठे थांबू नको." लालबागला बस सिग्नलला थांबली आणि खिडकीतून पोरांनी मला बघितलं. परळला टुर्नामेंट होती, अंडरआर्म, आणि त्यांचा एक माणूस आला नव्हता. "एकच मॅच, रघ्या, सहा ओव्हर!" मी घड्याळ बघितलं. दहाही वाजले नव्हते. एक मॅच खेळून गेलो तरी साडेअकराच्या आत पोचतो, असा हिशेब केला. हिशेब बरोबर होता. पण आम्ही जिंकलो. मग सेमीफायनल. जिंकलो की सोडून कसं जाणार! चिठ्ठी शर्टाच्या खिशात होती, शर्ट काढून झाडाला लावला होता. मध्ये एकदा आठवण झाली, नाही झाली असं नाही. मनात म्हटलं, अप्पांनी तोंडाने सांगितलं ना नको म्हणून, झालं मग, छापखाना काय कुठे पळून जातोय. मला तेव्हा कळतच नव्हतं की छापखाना पळतोच, रोज, ठरलेल्या वेळेला.

फायनल हरलो. मग निघालो.

घरी येऊन अप्पांना म्हटलं, प्लेट चढली होती. तुला पहिल्या पत्रात काय लिहिलं? 'उशीर झाला.' बघ कसं लिहिलं. जसा पाऊस पडतो तसा उशीर झाला. अप्पांनी एक शब्द विचारला नाही. जेवले, आडवे झाले. आणि मला इतकं घाण वाटत होतं की ते दुसऱ्या कुणावर तरी टाकल्याशिवाय चैन पडेना. म्हणून नोटिशीचा फोटो काढला आणि तुला पाठवला. 'बघ अप्पांनी काय केलं.' ग्रुपवरही टाकला. दोषी कोण ते सगळ्यांना दिसलं पाहिजे ना!

त्यानंतर मी घरी टिकलो नाही ते यामुळे. गोकर्णला आठ महिने, मग हंपी, मग ट्रेकवाल्यांबरोबर, मग साउंडवाल्यांबरोबर. लोक म्हणतात रघुला भटकायची हौस. हौस कसली! घरात अप्पा समोर बसलेले असले की मला त्यांच्याकडे बघता येत नाही.

अप्पांनी नोटीस लिहून घेतली हा त्यांचा गुन्हा, तो मी कमी करत नाही. पण एका रात्रीत त्यांनी पाय मागे घेतला होता, आणि ती सकाळ मी सहा ओव्हरना विकली. तू सहा वर्षं त्यांना जे समजत होतीस त्यातलं अर्धं माझं आहे. आई तुझ्या बाळंतपणाला आली नाही, तेही यातच धर.

हे पत्र आज टाकतो. उद्यावर ठेवलं तर टाकणार नाही.

रघु


डिलाईल रोड
३ मार्च, सोमवार

ताई,

छापून आली. शुक्रवारच्या अंकात, पान तीन, नोटिशींचा कॉलम, चौकट तेवढीच. शरच्चंद्रकाकांनी स्वतः दोन प्रती घरी आणून दिल्या. आईने चहा ठेवला. अप्पांनी अंक उघडला, तारीख बघितली, पान तीन काढलं, चष्मा पुसला, वाचलं. घडी घातली. परत उघडलं. परत वाचलं. काका वाट बघत होते की परब काही तरी चूक काढणार. काढली नाही. चूक नव्हतीच.

काका गेले. दुपार झाली, संध्याकाळ झाली. अप्पा तो अंक मांडीवर घेऊन तसेच बसलेले. जिन्यावरून कुणी गेलं की मान वर करायचे. मला आधी कळेना. मग कळलं. ते वाट बघत होते की कुणीतरी येऊन म्हणेल, "परब, आज पेपरात वाचलं." कोण म्हणणार? पन्नासातल्या दोन प्रती आमच्याच घरात!

शेवटी म्हणाले, "छापलं. आता?"

महिनाभर मला हिंडवलं, गिरगाव, शीव, अँटॉप हिल, आणि आता मलाच विचारतात, आता? माझं डोकं सटकलं. म्हटलं, "अप्पा, प्लेट चढली होती असं मी सांगितलं ना, ते खरं होतं. पण ती मी चढू दिली." आणि सगळं बोललो. बस, पोरं, सहा ओव्हर, सेमीफायनल. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. बोलून झाल्यावर मी मान खाली घालून थांबलो. म्हटलं आता एक तर कानाखाली, नाहीतर घराबाहेर.

अप्पा म्हणाले, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"शोकेसमध्ये तुझा कप आहे. उत्कृष्ट क्षेत्ररक्षक. अकरा मे दोन हजार एकोणीस. तारीख वाचता येते मला. एकतीस वर्षं प्लेटवर आधी तारीखच बघायचो."

मी त्या कपाकडे बघितलं. सहा वर्षं तो तिथे आहे. आईने त्यात सुया ठेवल्यात.

"मग बोलला का नाहीत?"

यावर ते जे बोलले ते मी होतं तसं लिहितो, माझं काही घालत नाही.

"काय बोलणार? त्या सकाळी फोन माझ्या खिशात होता. शरच्चंद्राचा नंबर पाठ आहे मला, अजून आहे. एक फोन केला असता तर नोटीस बाहेर. केला नाही. चिठ्ठी लिहिली आणि तुझ्या हातात दिली. दूध आणायला पाठवलं तर संध्याकाळी येणारा पोरगा तू. तू वेळेवर पोचणार नाहीस हे मला ठाऊक नव्हतं होय?" चष्मा काढून अंकावर ठेवला. "अर्धं वाटत होतं छापू नये. अर्धं वाटत होतं छापून यावी, चाळीला दिसावं. मला ठरवायचं नव्हतं. तुझ्यावर टाकलं."

आई दारातून म्हणाली, "दोगव मेल्यांनु!" एवढंच, आणि आत गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

मी इतका चिडलो की चपला न घालता खाली उतरलो. मी गोकर्णच्या वाळूत स्वतःला शिव्या घालत पडलो होतो तेव्हा हा माणूस इथे बसून कपावरची तारीख वाचत होता! दोघे एकाच घरात, दोघांना दोघांचं माहीत, आणि तू भुसावळला. नाक्यापर्यंत गेलो, पायांना खडी टोचली, परत आलो. जाऊन जाऊन कुठे जाणार? अप्पा होते तिथेच होते. मला म्हणाले, "पाय धू आणि बस."

बसलो. ते म्हणाले, "हे छापणं तिच्यासाठी नव्हतंच. मला तोंड दाखवायचं नव्हतं, म्हणून पेपर पुढे केला. तेव्हाही आणि आताही." मी म्हटलं, एक प्रत ताईला पाठवतो. म्हणाले, "नको. ती काय करणार त्याचं?"

आता ज्याच्यासाठी हे पत्र, ते. अप्पांना भुसावळला यायचंय. होळीनंतरचा रविवार, सोळा मार्च. यंदा शिमग्याला गावी जाणार नाहीत, भावकीला कळवून टाकलं. देवाची पालखी दारात येणार आणि परबांचं घर बंद, हे अप्पा डोळे मिटतील त्या वर्षीच होईल असं मला वाटायचं. मी म्हटलं, मग पत्र कशाला, सरळ गाडीत बसू. तर माझ्यावर खेकसले. "न विचारता तिच्या दारात जाऊन उभा राहू? तिला नाही म्हणायला वेळ मिळाला पाहिजे. तेव्हा तिला कुणी विचारलं होतं?"

आणि हे मुद्दाम विचारायला सांगितलंय. त्या रविवारी राजरत्नदादाची ड्युटी आहे का? असली तर दुसरा दिवस सांग. जे बोलायचं ते अप्पांना त्याच्यासमोर बोलायचंय, तो कामावर गेल्यावर तुझ्याशी नाही. त्याला काय म्हणायचं यावर काल तासभर चर्चा झाली. जावईबापू म्हणायचा अधिकार नाही म्हणतात, नुसतं राजरत्न म्हटलं तर जुन्यासारखं होतं म्हणतात. मी म्हटलं, आधी माफ कर म्हणा, नाव नंतर बघू. तेव्हा म्हणाले, "तसंच करतो."

मी येईन की नाही ते तू ठरव. तू म्हणालीस तर त्यांना गाडीत बसवून मी इथेच राहीन. तिसऱ्या पत्रात जे लिहिलं त्यावर तुला काय वाटलं हे मी विचारत नाही. अप्पांचं उत्तर आणि माझं उत्तर वेगळं असू शकतं, हे मला कळतं.

नको असेल तर एका ओळीत 'नको' लिही. मी ते अप्पांना मोठ्याने वाचून दाखवीन, गाळणार नाही, फिरवणार नाही. आईजवळ निरोप देऊ नकोस, ती मऊ करून सांगेल.

साउंडवाल्यांचा फोन आला होता, कोल्हापूरला पंधरा दिवसांचं काम आहे. नाही म्हटलं. उत्तर येईपर्यंत मी कुठे जात नाहीये. आमचा पोस्टमन साडेबाराच्या सुमारास येतो. हे पत्र अजून पेटीतसुद्धा पडलेलं नाही, तरी आज अप्पा बारा वाजल्यापासून गॅलरीत उभे होते.

रघु